जुन्या इलेक्ट्रिक गिटारची नवी आवृत्ती: झाडीपट्टीत वाजवायला रीइश्यू घ्यावी का?

वैनगंगा_काठ | ९ जून

नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून लिहून राहिलो आहे. घरी धानाची शेती. भाऊबीजेला मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत वडशाच्या एका नाटक मंडळीत गिटार वाजवतो. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि मी. ज्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, त्या गावात रात्री नाटक. पडदा उघडतो तो रात्री दहा-अकराला, आणि घरी येईपर्यंत उजाडलेलं असतं.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ७० च्या दशकाच्या शेवटी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. जपानी बनावटीची होती, कोणाकडून तरी मुंबईहून आणलेली. डोक्यावरचं नाव केव्हाच पुसलं गेलं. आता ती माझ्याकडे आहे, पण ब्रिजजवळचा (तारा अंगावर टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, मेलेला आहे. तिसऱ्या तारेखालच्या दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्टीला, बोटाने इतका खड्डा पडला आहे की नख अडकतं. मोठे बाबा चार वर्षांपूर्वी गेले.

त्यांचा आवाज मात्र कानातून जात नाही. टोकदार, जरासा नाकातून आल्यासारखा, पण बोचत नसे. हार्मोनियमच्या वरून सरळ उठून यायचा. मी सध्या जी वाजवतो ती साधी, नव्या घडणीची गिटार आहे. गोड वाजते, पण गर्दीत हरवते.

यंदा धानाचे पैसे आल्यावर थोडे बाजूला ठेवले आहेत. फेंडर कंपनीच्या टेलीकास्टरची १९५१ च्या घडणीची रीइश्यू (जुन्या घडणीवर कंपनीनेच पुन्हा काढलेली गिटार) मनात भरली आहे. व्हिडिओ ऐकले, तर आवाज मोठ्या बाबांच्या जवळचा वाटतो. ज्यांनी अशा रीइश्यू हाताळल्या आहेत त्यांनी सांगावं: हे नुसतं जुनं रूप आहे की वाजवण्यातही फरक पडतो? आणि आपल्याकडच्या उन्हात, धुळीत, मंडपाच्या वायरिंगवर ती टिकेल का?

जुनं_ते | ९ जून

भाऊ, तुमच्या मोठ्या बाबांच्याच पिढीतला मी. अमरावतीला कॉलेजात असल्यापासून ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. आमच्या वेळी फेंडर ही रेकॉर्डच्या कव्हरावर बघायची वस्तू होती.

आधी रीइश्यू कुठून आली ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नेमकं काय विकत घेतोय ते कळत नाही.

लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी दुकान होतं. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वाजवणाऱ्यांची तक्रार तो कान देऊन ऐकायचा आणि वस्तू अशी करायचा की मोडली तर स्क्रू काढून तो भाग बदलता यावा. १९५० मध्ये त्याची ब्रॉडकास्टर आली. ग्रेट्श कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच होतं, त्यांनी हरकत घेतली, म्हणून १९५१ मध्ये ती टेलीकास्टर झाली. मधले काही महिने डोक्यावर मॉडेलचं नावच नव्हतं, नुसतं 'फेंडर'. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. पुढे उत्पादन वाढलं, घडण ढिली पडली. स्ट्रॅटची नेक (पुढचा लांब दांडा) चारऐवजी तीन स्क्रूंवर आली, नेकचा खळगा सैल. वाजवणारे काय करू लागले? १९६५ च्या आधीच्या जुन्या गिटार शोधू लागले. म्हणजे कंपनीच्या नव्या मालाला तिच्याच जुन्या मालाने मागे टाकलं. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने ५२ ची टेली, ५७ आणि ६२ ची स्ट्रॅट मोजमापं घेऊन पुन्हा काढली. त्याच वर्षी जपानातही सुरू केल्या, आणि त्या पहिल्या जपानी खेपा इतक्या नेटक्या निघाल्या की आता त्यांनाही जुन्याचा भाव येतो. १९८५ मध्ये सीबीएसने कंपनी तिथल्याच लोकांच्या गटाला विकून टाकली.

गिब्सनचंही तेच. लेस पॉल १९५२ ला आली. १९५८ ते ६० मधली सनबर्स्ट रंगाची तेव्हा खपली नाही म्हणून तो आकारच बंद केला. मग इंग्लंडमधल्या पोरांनी जुन्या लेस पॉल शोधून वाजवल्या, मागणी उठली आणि १९६८ ला कंपनीला ती परत आणावी लागली.

माझं मत विचाराल तर रीइश्यू हा दिखावा नाही. वाजवणाऱ्यांनी हट्ट धरला म्हणून ती आली. घ्या.

सहा_तारा_नागपूर | १० जून

मी नागपुरात गिटार दुरुस्तीचं काम करतो. घ्या किंवा नका घेऊ हे नंतर. आधी तीन गोष्टी, ज्या व्हिडिओत ऐकू येत नाहीत पण पहिल्याच प्रयोगाला हाताला कळतात.

पहिली, फ्रेटबोर्डची, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीची, गोलाई. बोर्ड वरून सपाट दिसतो, पण आडवा गोल असतो. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची. आजच्या बहुतेक फेंडरची साडेनऊ. गिब्सनची बारा. आकडा लहान तितका बोर्ड जास्त गोल. गोल बोर्डावर कॉर्ड धरताना बोटं आपोआप बसतात, मनगट दुखत नाही. पण वरच्या फ्रेटला बारीक तार ओढून सूर चढवायला गेलात की तार बोर्डाच्या मध्यावरच्या उंचवट्याला टेकते आणि सूर मध्येच मरतो. उपाय म्हणजे तारा थोड्या उंच ठेवायच्या. ज्याला तारा बोर्डाला चिकटलेल्या हव्यात त्याने सव्वासातच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी, ब्रिज. जुन्या टेलीला पितळेचे तीन सॅडल (तारा टेकतात ते ठोकळे), एकेकावर दोन-दोन तारा. एक तार सुरात बसवली की जोडीदारीण जरा सरकते. सहा सॅडलच्या नव्या ब्रिजला हा त्रास नाही. पण पितळेची ती खणक सहाच्या ब्रिजला येत नाही, हेही खरं. तिरक्या कापाचे पितळी सॅडल मिळतात, ते घातले की काम बऱ्यापैकी भागतं.

तिसरी आणि आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी, ट्रस रॉड. नेकच्या आत लोखंडी सळई असते. सहा तारांचा मिळून साधारण ४५ किलोचा ताण नेकला पुढे वाकवतो, सळई तिला मागे धरून ठेवते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतींना ओल. लाकूड पाणी सोडतं, पाणी पितं, नेक हलते. वर्षातून दोनदा तरी सळई फिरवावीच लागते. आता गंमत बघा. अस्सल जुन्या पद्धतीच्या रीइश्यूत सळईचं तोंड नेकच्या खालच्या टोकाला असतं. म्हणजे तारा सोडा, चार स्क्रू काढा, नेक वर उचला, पाव फेरा द्या, परत बसवा, तारा चढवा, बघा. नाही जमलं? पुन्हा तेच. नव्या घडणीत तोंड डोक्याकडे असतं, एक चावी आणि दोन मिनिटं.

प्रयोगाच्या रात्री मंडपामागे नेक उघडून बसणार का, याचा विचार करा.

रामटेकची_पोर | १० जून

दादा, सगळ्या रीइश्यू सारख्या नसतात, हे पण सांगा ना. माझ्याकडे स्क्वायरची, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, क्लासिक व्हाइब टेली आहे, इंडोनेशियात बनलेली. रूप पन्नाशीचं, बटरस्कॉच रंग, काळा पिकगार्ड. पण गोलाई साडेनऊ आणि ट्रस रॉड डोक्याकडे. म्हणजे चेहरा जुना, हाडं नवी. फेंडरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या व्हिंटेरा मालिकेत सव्वासातची गोलाई, जाड नेक. आणि २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकन व्हिंटेज टू मालिकेत सगळंच जुनं, वरचा नायट्रो लॅकरसुद्धा.

माझे हात लहान आहेत. १९५१ ची नेक इंग्रजी यू अक्षरासारखी भरीव असते, हातात कुऱ्हाडीचा दांडा धरल्यासारखी. मला वाटलं होतं, नाहीच जमणार. मैत्रिणीच्या भावाची अर्धा तास वाजवली आणि उलट अंगठ्याला आराम पडला, कारण तळवा पूर्ण टेकतो. तेव्हा हात लहान म्हणून जाड नेक नको, असं आधीच धरून चालू नका. दुकानात उभं राहून पाच मिनिटं वाजवणं पुरत नाही, बसून वाजवा.

वैनगंगा_काठ | ११ जून

ताई, "चेहरा जुना, हाडं नवी" हे लक्षात ठेवतो. मला वाटत होतं रीइश्यू म्हणजे एकच प्रकार.

लॅकरचं काय? आमच्या पत्र्याच्या घरात मे मध्ये दुपारी हात लावलेलं भांडं तापतं.

सहा_तारा_नागपूर | ११ जून

नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. जुन्या काळी मोटारींना मारायचे तोच. पातळ बसतो, लाकडाबरोबर म्हातारा होतो, घासला जातो. पॉलिएस्टर जाड काचेसारखा, ढिम्म हलत नाही.

नायट्रोचे दोन शत्रू. एक रबर. स्टँडला लावलेलं रबर किंवा फोम त्याला चिकटतं, उन्हाळ्यात तर एका रात्रीत डाग पडतो. माझ्याकडे एक आली होती, स्टँडचा ठसा अक्षरशः छापल्यासारखा. स्टँडला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा, विषय संपला. दुसरा शत्रू म्हणजे तापमानाची उडी. डिसेंबरात नाटकावरून पहाटे गिटार गाडीच्या टपावर घालून आणली, घरात येऊन लगेच पेटी उघडली की लॅकरला बारीक तडे जातात. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतात म्हणून. पेटी तशीच तासभर राहू द्यायची, मग उघडायची. तड्यांनी आवाज बिघडत नाही, पण ते परत बुजत नाहीत.

तुमच्या वापराला पॉलिएस्टर बरं, हे मी दुकानदारी न करता सांगतो.

सागवान | १३ जून

बल्लारपूरकडचा आहे, घरात आरागिरणी तीन पिढ्यांची. गिटार मला वाजवता येत नाही, पण मुलगा वाजवतो म्हणून तुमचा धागा रोज वाचून राहिलो. लाकडावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिल्या टेलीकास्टरचं अंग ॲशचं. १९५६ च्या सुमारास फेंडरने बहुतेक गिटारना आल्डर वापरायला सुरुवात केली, ॲश फिकट रंगांसाठी ठेवलं, कारण त्याचे रेषे छान दिसतात. सगळ्यात पहिले नमुने तर पाइनचे होते, आणि ताईंच्या क्लासिक व्हाइबचं अंगही पाइनचंच आहे. लोक पाइनला हलकं समजतात, पण त्यामागे इतिहास आहे. आता ॲशच्या झाडाला अमेरिकेत एका हिरव्या भुंगेऱ्याने पोखरून काढलं आहे, म्हणून २०२० पासून फेंडरनेही ॲशचा वापर आवरता घेतला.

फ्रेटबोर्ड आधी मेपलचा, १९५९ पासून रोजवुडचा. ब्राझीलच्या रोजवुडच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून, १९६० च्या दशकाच्या शेवटापासूनच, जगभरच्या गिटारवर आपलं भारतीय रोजवुड, म्हणजे शिसव, मोठ्या प्रमाणात चढू लागलं होतं. २०१७ मध्ये सगळ्याच शिसव-कुळाला परवान्याची अट लागली आणि कंपन्या दुसरं लाकूड शोधू लागल्या. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणून मधल्या जवळपास तीन वर्षांतल्या बऱ्याच गिटारवर दुसरंच लाकूड दिसतं. जुनी घ्यायला गेलात तर हे बघा.

माझ्या मुलाने विचारलं, आपल्या आलापल्लीच्या सागाची का करू नये? सागात तेल असतं. सांधा चिकटवायच्या आधी पृष्ठभाग ताजा रंधून पुसून घ्यावा लागतो, नाहीतर सरस धरत नाही. आणि जुना साग जड. रात्रभर खांद्यावर घेऊन उभं राहायचं, तर वजन करून बघा.

पऱ्हाटी | १३ जून

राम राम राजेहो. मी दारव्ह्याकडचा, मंडप अन् साउंडचं काम करतो. तुमी समदे लाकूड अन् लॅकर पाहून राह्यले, पण करंट कोणीच नाही पाहून राह्यलं. मले हेच सांगाचं हाय.

जुनी टेली म्हणजे सिंगल कॉइल पिकअप. तो तारेचा आवाज घेते तसाच हवेतला ५० हर्ट्झचा गुणगुणाटही घेते. घरात ठीक हाय. पण नाटकाच्या मंडपात लाइटचे डिमर असतात. डिमर अर्धा फिरवला का गिटारमधून मधमाश्याच्या पोळ्यावानी आवाज निंगते. हिरोइनीचा दुःखाचा सीन, लाइट हळूहळू मंद होऊन राह्यला अन् तुमची गिटार घुंऽऽऽ करून राह्यली. मी हे डोळ्यानं पाह्यलं हाय. हमबकर याच्यासाठीच निंघाला, दोन कॉइल उलटसुलट, म्हणजे गुणगुण एकमेकाले मारते. तांब्याची चिकटपट्टी आतून लावली का बराच फरक पडते, पण डिमरचा पुरा जात नाही. गिटार फिरवून पाहा, एका दिशेले आवाज कमी होते. तिकडं तोंड करून उभं राहा.

आता मोठी गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमधून वायरनं ॲम्पच्या बॉडीले जोडल्या असतात. गावात मंडपाले लाइन येते कुठून? कोणाच्या घरून, नाहीतर आकडा टाकून. अर्थिंग नावालेही नसते. आता गिटारचा ॲम्प एका घरच्या लाइनवर अन् माइकचा मिक्सर दुसऱ्या घरच्या, किंवा जनरेटरवर. हात तारावर हाय अन् ओठ माइकच्या जाळीले लागले का झटका बसते. कधी मुंग्या येते, कधी माणूस जाते. हे मजाकीत घेऊ नका भाऊ.

पर्योगाच्या आधी मीटर एसी व्होल्टवर ठेवाचा. एक काडी तारेले, एक माइकच्या जाळीले. आपला हात कशालेच नाही लावाचा. आकडा काय येते तो पाहाचा.

वैनगंगा_काठ | १४ जून

पऱ्हाटी भाऊ, गेल्या मोसमात दोनदा ओठाला झिणझिण्या आल्या होत्या. मी समजलो थंडीने. अंगावर काटा आला हे वाचून. मीटर घेतो.

जुनं_ते | १५ जून

एक प्रश्न राहून गेला. मोठे बाबा वाजवायचे ते कशातून? गिटारचा ॲम्प होता का त्यांच्याकडे?

वैनगंगा_काठ | १५ जून

ॲम्प कुठला काका. लग्नात असतो तो लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर. माइकच्या भोकात गिटारची वायर, आणि बाभळीला बांधलेले दोन भोंगे.

जुनं_ते | १५ जून

मग भाऊ, मी पहिल्या पोस्टमध्ये "घ्या" म्हटलं ते जरा मागे घेतो.

आम्हीही तसंच वाजवायचो. भोंगा खालचा आवाज काढतच नाही. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, आणि वर पाच-सहा हजारांच्या पुढेही त्याचा दम संपतो. उरतो तो मधला पट्टा, जिथे माणसाचा आवाज असतो. "नाकातून आल्यासारखा" तुम्ही लिहिलंत ना, तो भोंगा. सहा_तारा भाऊ, "पण बोचत नसे" याचं कारण तुम्ही सांगा, मला अंदाज आहे पण शब्द नाहीत.

सहा_तारा_नागपूर | १६ जून

काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

गिटारचा पिकअप नाजूक. त्याला पुढे मोठा रोध लागतो, गिटारच्या ॲम्पला साधारण १ मेगाओहम असतो. माइकचा इनपुट कमी रोधाचा असेल, काही हजार ओहमचाच, तर तो पिकअपवर ओझं टाकतो आणि वरचे टोकदार सूर दाबले जातात. म्हणजे मोठ्या बाबांच्या आवाजातला खालचा भाग भोंग्याने काढून टाकला, वरची धार माइकच्या भोकाने मोडली. राहिलं ते तुम्हाला ऐकू येत होतं. ते कोणत्याही साली बनलेल्या टेलीकास्टरमध्ये सापडणार नाही, आणि अमेरिकेतली सगळ्यात महाग रीइश्यू आणली तरी नाही.

त्यांची गिटार घेऊन नागपूरला या. पिकअप उघडून बघू.

रामटेकची_पोर | १६ जून

दादा, पण मग रीइश्यूचा काहीच उपयोग नाही असं वाटायला नको. आवाज गिटार, वायर, ॲम्प, भोंगा अशा साखळीतून येतो हे मान्य, पण हाताला काय लागतं ते साखळीत बदलत नाही. ती जाड नेक वाजवू लागल्यापासून मी कॉर्ड वेगळ्या धरते, अंगठा वरून घालते, बास तार अंगठ्याने दाबते. माझं वाजवणंच बदललं. ते भोंग्यातूनही ऐकू येईल.

जुनं_ते | १६ जून

पोरी, हे तू फार नेमकं लिहिलंस. सव्वासातच्या गोल बोर्डाला लोक खोड म्हणतात. माझ्या मते ती त्या गिटारची बोली आहे. तार लांब ओढता येत नाही म्हणून वाजवणारा दोन-दोन तारा मिळून वाजवतो, सूर खालून अर्धाच चढवून सोडतो. टेलीची निम्मी बोली त्या अडचणीतून आली. मधल्या काळातल्या टेलीवर तर स्विचच असा होता की दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नसत, एका जागी नुसता दबका बाससारखा आवाज. स्ट्रॅटला १९७७ पर्यंत स्विचच्या तीनच जागा. लोक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे, त्यातून तो पोकळ आवाज सापडला. मग कंपनीने पाच जागांचा स्विच दिला.

सागवान | १७ जून

मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग मी आधी हातासाठी घेईन, कानासाठी नंतर बघू.

वैनगंगा_काठ | २ जुलै

रोवणीच्या आधी एक दिवस काढून नागपूरला जाऊन आलो. सहा_तारा भाऊंकडे चार तास बसलो.

पिकअपचं झाकण काढलं तेव्हा आत हिरवट बुरशी चढलेली तांब्याची तार. केसाइतकी बारीक, आणि हजारो वेढे. भाऊंनी मीटर लावला, काही नाही. मग भिंगातून बघत बघत बाहेर येणाऱ्या वायरपर्यंत गेले. जिथे बारीक तार जाड वायरला डाख दिलेली असते, नेमकी तिथेच घामाने खाल्लेली. त्यांनी सुईने वरचे दोन वेढे सोडवले, टोक खरवडलं, डाख दिला. मीटरवर आकडा आला. पुन्हा गुंडाळायची गरज पडली नाही. दोन फ्रेट बदलले. दुसऱ्या फ्रेटचा खड्ड्याचा तुकडा त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिला.

मग त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या दोन गिटार मालकाला फोनवर विचारून वाजवू दिल्या. एक व्हिंटेरा, एक क्लासिक व्हाइब. डोळे मिटून घेतले, भाऊ एकाच ॲम्पमधून देत गेले. आवाजावरून मी तीनपैकी दोनदा चुकलो. पण हातात घेतल्यावर एकदाही चुकलो नाही. व्हिंटेराची नेक अंगठ्याला लगेच कळते. ताई म्हणतात ते अगदी तसंच.

क्लासिक व्हाइब घेतो आहे. कारण ट्रस रॉड डोक्याकडे आणि वरचा लेप नायट्रोचा नाही. मोसमात सत्तर-ऐंशी रात्री बाहेर, मला नेक उघडून बसणं परवडणारं नाही. व्हिंटेराने मन ओढलं, खोटं बोलत नाही. दोन मोसम जाऊ देत.

पऱ्हाटी | २ जुलै

लय बेस केलं भाऊ. आता मीटरचं सांगा.

वैनगंगा_काठ | १८ नोव्हेंबर

उशीर झाला, कापणी होती, मग लगेच मंडई.

भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. दुपारी गेलो. ॲम्प गावातल्या एका घरून, मिक्सर ग्रामपंचायतीच्या खांबावरून. मीटरची एक काडी तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. १०८ व्होल्ट. मी आकडा दोनदा पाहिला. ऑर्गनवाल्या काकांना दाखवला, त्यांनी ऑर्गनवरचा हात काढून घेतला.

पऱ्हाटी | १८ नोव्हेंबर

१०८ म्हणजे अर्धा मेन. मिक्सर नाहीतर पेडलच्या पॉवर सप्लायमधी फिल्टर असते, अर्थ नसली का त्याच्यातून निम्मे व्होल्ट बॉडीवर येते. करंट कमी असते म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच लाइनवर एखादा डबा आतून फुटला असला तर तोच झटका जीव घेते. मीटरवर दोन्ही सारखेच दिसते, म्हणून १०८ पाहून सोडून नाही द्याचं. काय केलं मग?

वैनगंगा_काठ | १९ नोव्हेंबर

तुम्ही जूनमध्ये फोनवर सांगितलं होतं तेच. गिटारचा ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर आणले, बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावली. मंडपामागे धानाच्या बांधाजवळ ओल होती, तिथे तांब्याचा मुलामा असलेली सळई ठोकली, वर घागरभर पाणी. ॲम्पची तिसरी पिन कोणीतरी कापून टाकली होती, नवीन लावली. पुन्हा मीटर धरला तर अर्ध्या व्होल्टच्याही खाली.

मग नवी टेली लावली. डिमर फिरला की गुणगुणते, पण स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडे पाठ केली की कमी होते. तिथे मी खडूने दोन पावलं काढून ठेवली आहेत.

मोठ्या बाबांची गिटार दुसऱ्या अंकात वापरतो. जुनं_ते काकांनी सांगितलं म्हणून मिक्सरवर ३०० च्या खालचं कापलं, ५ हजारांच्या वरचं कापलं. आणि एक भोंगा मागवून स्टेजच्या मागच्या बाभळीला बांधला, फक्त त्या गिटारसाठी.

जुनं_ते | १९ नोव्हेंबर

भोंग्याचं युनिट किती वॅटचं आहे? आणि पुढचा प्रयोग कोणत्या गावी? मला यायचं आहे.

वैनगंगा_काठ | १९ नोव्हेंबर

३० वॅटचं. येत्या शनिवारी लाखांदूरच्या बाजूला आहे काका. वडशाला उतरा, मी मोटारसायकल घेऊन येतो. रात्री थंडी खूप पडते, कानटोपी आणा.